पारख्याच्या गुडघ्यावरचा बर्फ

माझे दोन्ही गुडघे आता माझे राहिलेले नाहीत. गेल्या वर्षी डॉक्टरांनी ते काढून कुठल्याशा धातूचे बसवले, आणि तेव्हापासून व्यायाम करून घ्यायला एक मुलगी घरी येते. गोड बोलते, पण हाताने राक्षसीण आहे. व्यायाम झाला की ती फ्रिजरमधून निळी पिशवी काढते, नॅपकिनात गुंडाळते आणि गुडघ्यावर पट्ट्याने आवळते. "आजी, हलायचं नाही हं," असं म्हणून स्वतः मोबाइलमध्ये डोकं घालते. परवा मी तिला म्हटलं, अगं, बर्फ गुडघ्यावर थेट ठेवायचा नसतो, मध्ये कापड हवं, हे मला तू जन्मायच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. तिने मान वर न करता "हो का, आजी?" एवढंच म्हटलं. तिला ऐकायचं नव्हतं, म्हणून इथे लिहिते आहे.

मी माहेरची नाशिककडची. लग्न होऊन विदर्भात, दारव्ह्याला आले तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष-दोन वर्षंच झाली असतील. आमच्याकडे कांदे आणि द्राक्षं. कापूस मी पाहिला होता तो देवापुढच्या वातीत आणि उशीत. इथे आले तर सगळं गाव कापसावर जगत होतं आणि माझे सासरे, म्हणजे आमचे मामाजी, त्या कापसाचे पारखी होते. जिनात म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात शेतकऱ्यांच्या बंड्या म्हणजे बैलगाड्या यायच्या, कापूस अंगणात ओतला जायचा आणि तो कसा आहे ते मामाजी सांगायचे. त्यांनी सांगितलं की भाव ठरला. जिनाचा मालक शेठसुद्धा मध्ये बोलत नसे.

मामाजींचा खरा शत्रू एकच होता, तो म्हणजे पाणी. कापूस वजनावर विकला जातो आणि पाण्याला वजन असतं, हे शोधून काढायला कोणाला शाळेत जावं लागत नाही. वाटेत नाला लागला की बंडीवाले कापसावर पाणी शिंपडायचे. वरचा थर उन्हाने वाळायचा, ओल तळाशी राहायची. म्हणून मामाजी ढिगाशी उकिडवे बसायचे, पुढे वाकायचे आणि कोपरापर्यंत हात आत घालायचे. मग डोळे मिटून क्षणभर थांबायचे आणि एकच शब्द बोलायचे, "कोरडा" किंवा "ओला".

ही सवय त्यांनी घरीही आणली होती. मीठ, पीठ, उशी, दोरीवरचं धोतर, जे दिसेल ते दोन बोटांत धरून बघायचे. मला पाहायला आले तेव्हा त्यांनी स्वयंपाक, शिवण, गाणं काही विचारलं नाही. बसल्या जागी सतरंजीचा कोपरा चिमटीत धरला आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "ही सकाळी भिजलती." भिजली होतीच. सकाळच्या गडबडीत आईच्या हातून तांब्या कलंडला होता. आई इतकी ओशाळली की पोह्यांत मीठ घालायचं विसरली. तरी माझं लग्न ठरलं. ओली सतरंजी लपवली नाही म्हणून ठरलं, असं माझे यजमान पुढे चेष्टेने म्हणत.

त्या काळात मामाजींच्या तोडीचा माणूस पंचक्रोशीत एकच होता, जवळच्या गावचा पाटील. दोघे एका शाळेत शिकलेले, अरे-तुरेतले. पाटलाचं घर खाऊन-पिऊन सुखी होतं. पाणी मारून मिळणाऱ्या चार पैशांची त्याला काडीची गरज नव्हती. पण बाकीचे लोक पत्ते खेळतात तसा हा कापसावर पाणी मारायचा. दर हंगामात नवी युक्ती. कधी मधल्याच थरात, कधी एका बाजूलाच, कधी ओल्या गोणपाटावर कापूस भरून. आणि दर हंगामात मामाजी ढिगात हात घालून म्हणायचे, "ओला." पाटील शिव्या द्यायचा, भाव कापून घ्यायचा आणि जाताना आमच्या घरी चहा पिऊन जायचा.

मी नवी असतानाच एका वर्षी हंगाम संपता संपता, उन्हाळ्याच्या तोंडाशी, मामाजी कापसाच्या गंजीवरून घसरले. पडले कापसातच, त्यामुळे पाहणारे हसले. पण पाय खाली अडकून गुडघा पिळवटला. गावातल्या चोळणाऱ्याने तो चोळला आणि मग तर तो भोपळ्यासारखा फुगला. शेवटी नागपूरला नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी गुडघा उघडून आतली फाटलेली कूर्चा काढून टाकली. सांधाच बदलायचा ही कल्पना तेव्हा आम्हाला कोणी सांगितली असती तर आम्ही त्यालाच दवाखान्यात बसवलं असतं.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "दिवसातून तीन-चारदा बर्फ लावा, कापडात गुंडाळून. सूज उतरली की पाय वाकवायचा. रोज थोडा जास्त." सासूबाई हे ऐकून पदराने तोंड झाकून बाहेर गेल्या. माझे यजमान खिडकीतून झाडं बघू लागले. सांध्याला थंडी लावायची म्हणजे वाताला आमंत्रण, हे आमच्याकडे तान्ह्या मुलालाही ठाऊक. डॉक्टरांसमोर मी एकटीच उरले, म्हणून बर्फाचं खातं माझ्याकडे आलं.

मामाजींनी फक्त एकच विचारलं, "उकिडवं बसता येईन ना?"

डॉक्टर म्हणाले, "वाकवलात तर येईल. नाही वाकवलात तर खुर्ची आहेच."

ही खुर्ची आमच्या आधी घरी येऊन थांबली होती. शेठ भला माणूस. त्याने नवी वेताची खुर्ची पाठवली होती, आणि सोबत निरोप होता की यंदा दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की पारख्यांनी फाटकाशी आरामात बसावं, आलेल्या बंड्या मोजाव्यात, ढिगाकडे नवा माणूस बघेल. शेठने हे प्रेमाने केलं होतं. मामाजींना मात्र ती खुर्ची दिसली आणि चेहरा उतरला. बसून ढिगाचा वरचा थर दिसतो, तळ दिसत नाही. तळाशी हात जात नसेल तर तो पारखी कसला? त्या माणसाला दुसरं काही येत नव्हतं, आणि येत होतं ते गावात दुसऱ्या कोणाला येत नव्हतं. मला त्या दिवशी त्यांची फार दया आली. मी ती खुर्ची उचलून आतल्या खोलीत नेली आणि तिच्यावर बर्फाचा खोका ठेवला.

आता बर्फ. दारव्ह्यात तो बनत नव्हता, यवतमाळहून आणावा लागे. तिथल्या कारखान्यातून लादी निघायची, भुश्यात आणि तरटात गुंडाळून आमच्या छोट्या रेल्वेत चढायची. ही गाडी कुठल्या स्टेशनवर किती थांबेल हे ड्रायव्हरच्या चहावर अवलंबून असे. वैशाखाचं ऊन, डब्यात घामाघूम माणसं आणि दाराशी बर्फाची लादी. प्रत्येकाला वाटायचं, एक ढलपी काढली तर काय बिघडतं? यजमान शाळेत मास्तर. ते स्टेशनवर आणायला जायचे तेव्हा लादीचा पाटा झालेला असायचा आणि डब्यातून उतरणारे लोक तोंडात काहीतरी चघळत त्यांना विचारायचे, "मास्तर, वडील कसे हायेत?"

घरी पोचलेल्या बर्फाची पहिली लढाई सासूबाईंशी. त्यांनी उघड विरोध केला नाही, पण मी बर्फ लावायला बसले की त्या मामाजींच्या डोक्याला लोकरी मफलर गुंडाळायच्या. थंडी गुडघ्यातून शिरून डोक्यात चढू नये म्हणून. भर वैशाखात, बाहेर कुत्रीसुद्धा नालीत लोळत असताना, आमचा पेशंट कानाला मफलर, गुडघ्याला बर्फ आणि कपाळावरून घामाच्या धारा अशा थाटात पडलेला असे. मी म्हणायची, "आत्याबाई, त्यांना उकडतंय." त्या म्हणायच्या, "उकडू दे. वरून गरम असन तं खालचं थंड वर येत नाई."

इथवर ठीक होतं. पण मी बर्फ काढून भांडी घासायला गेले की त्या चुलीतली वीट फडक्यात बांधून त्याच गुडघ्यावर ठेवायच्या. मी बर्फ लावतेय, त्या वीट लावताहेत, आणि गुडघा बिचारा दोघींच्या मध्ये फुगतच चाललेला. सूज का उतरत नाही म्हणून मी हवालदिल झाले होते. एकदा बादली आणायला मध्येच परत आले तर वीट त्यांच्या हातात सापडली. मी नवी सून, पण त्या दिवशी माझा तोल सुटला. "त्यांना खुर्चीत बसवायचंय का तुम्हाला?" असं मी ओरडले. दुसऱ्या दिवसापासून वीट गेली. म्हणजे गेली नाही, त्या स्वतःच्या गुडघ्यावर घेऊन शेजारी बसू लागल्या. घरात कोणाला तरी ऊब मिळायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं.

दुसरी लढाई पाहुण्यांशी. पारख्यांच्या घरी बर्फ आहे ही बातमी पसरली आणि मामाजींच्या तब्येतीची काळजी करणारे लोक अचानक वाढले. भर दुपारी यायचे, खाटेशेजारी बसायचे, गुडघ्याकडे एकदा आणि आतल्या खोलीकडे दहादा बघायचे. त्यातून मामाजी अघळपघळ. स्वतःच हाक मारायचे, "सूनबाई, लिंबाचं सरबत आन. बर्फ टाकून आन." म्हणजे पेशंटच्या गुडघ्याचा बर्फ पेशंटच वाटत सुटलेला. शेवटी मी आतल्या खोलीच्या दारात पाट टाकून बसले. जो येईल त्याला माठातलं पाणी. कुणी "बर्फ नाई काय?" विचारलं की मी सांगायची, "आहे. गुडघा दाखवा, लावते." मग गर्दी आपोआप कमी झाली.

आणि तिसरी गोष्ट माझ्या हातून झाली. एकदा बर्फ नुसत्या तरटात आला, भुसा नव्हता. उघड्यावर तो संध्याकाळपर्यंत टिकला नसता. मी घरभर शोधलं, तर माळ्यावर गाठोडी बांधून ठेवलेला कापूस सापडला. पांढराशुभ्र, लांब धाग्याचा. मला वाटलं, गोधड्यांचा असेल. मी तो खोक्यात दाबून भरला, मध्ये बर्फ ठेवला, वर आणखी कापूस. आणि खरं सांगते, भुश्यापेक्षा बर्फ त्यात दुप्पट टिकला. मी खूश होते. ते मामाजींचे नमुने होते, हंगामातला सगळ्यांत उत्तम कापूस निवडून पुढच्या वर्षी ताडून बघायला ठेवलेला, हे मला कुठून कळणार? दुसऱ्या दिवशी तो चिंब झाला, म्हणून मी अंगणात खाटा टाकल्या आणि त्यावर वाळत घातला. मामाजी घरात खाटेवर, त्यांना दिसलं नाही. अंगण मात्र रस्त्यावर होतं.

दारव्ह्यात कोणाच्या अंगणात काय वाळतंय याकडे कोणी बघत नाही. कुरडया घाला, मिरच्या घाला. पण पारख्याच्या अंगणात ओला कापूस! दुपारपर्यंत बाजारात एकच बोलणं, की आयुष्यभर दुसऱ्याचे भाव कापले आणि आता घरी बसून स्वतः कापसाला पाणी मारून पाहतोय. कोणी म्हणालं सराव करतोय, कोणी म्हणालं धंदा बदलतोय.

संध्याकाळी पाटील आला. बंडीतून उतरला तो थेट खाटेपाशी गेला, कापसात कोपरापर्यंत हात घातला, डोळे मिटले, आणि मूठभर कापूस घेऊन आत आला. तो मामाजींच्या छातीवर ठेवून म्हणाला, "पारखी, हा कापूस ओला हाय, बाप्पा. भाव कापा लागन."

मामाजींनी कापूस चिमटीत धरला. ओल ओळखली, धागा ओळखला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला दरवाजा कुठे आहे ते सुचेना. पण ते काही बोलण्याआधी पाटलानेच तोंड उघडलं. त्याला उघड्या दारातून बर्फाच्या खोक्याखालची खुर्ची दिसली होती.

"हे काय हाय?"

"शेठनं धाडली," मामाजी म्हणाले. "फाटकाशी बसाचं म्हनते."

पाटील खुर्चीकडे बघतच राहिला. मग एकदम तापला. "मंग कापूस कोन पाह्यन? थो नवा पोट्टा? त्याले ओलं-कोरडं समजते काय? ऐक. औंदा मुहूर्ताची पहिली बंडी माई हाय. तू खुर्चीत बसशीन तं मी पानीच नाई मारत. कोनासाठी मारू?"

हे बोलून त्याचं त्यालाच कसंतरी झालं असावं. तो चहा न घेताच निघून गेला.

मामाजी बराच वेळ तो कापूस हातात घेऊन पडून होते. नमुन्यांबद्दल मला एक शब्द बोलले नाहीत, ना तेव्हा ना नंतर. अंधार पडायच्या सुमारास म्हणाले, "सूनबाई, बर्फ आन. आन सरबताचा उरला असन तं थोही आन." मफलर त्यांनी स्वतःच काढून फेकला. सासूबाईंनी तो उचलून घडी करून ठेवला.

त्यानंतर ते बर्फाची वाट बघायचे. गुडघा गार पडून बधिर झाला की मी आणि यजमान पाय धरून वाकवायचो. मामाजी ओठ आवळायचे आणि दुखणं सहन होईना की पाटलाला शिव्या द्यायचे. सूज उतरली, टाके वाळले. पावसाळा लागला तसा बर्फ थांबला, पण वाकवणं थांबलं नाही. आधी पाटावर, मग पाट काढून, मग भिंत धरून. गणपतीत ते काठी घेऊन फिरू लागले. बसता यायचं, पण अर्धवट. पुढे वाकलं की गुडघा अडायचा. आणि उठणं तर जमतच नव्हतं, दोघांनी धरावं लागे. मी त्यांना दिसू देत नव्हते, पण मला भीती वाटायची.

दिवाळीनंतर कापूस-खरेदीचा मुहूर्त झाला. जिनाचं अंगण सारवून घेतलं होतं. सासूबाई आणि मी पहिल्या बंडीच्या बैलांना ओवाळायला गेलो होतो. शेठने ती वेताची खुर्ची आमच्याकडून मागवून घेतली होती आणि तिच्यावर गादी घालून ती फाटकाशी मांडून ठेवली होती. पाटलाची बंडी आली. बैलांच्या शिंगांना रंग, पाटलाच्या डोक्याला नवा फेटा. मी ओवाळलं, नारळ फुटला, गड्यांनी कापूस ओतला.

"या पारखी, बसा," शेठ खुर्चीकडे हात करून म्हणाला.

मामाजींनी काठी यजमानांच्या हातात दिली आणि चालत ढिगापाशी गेले. उभे राहिले. मग दोन्ही हात मांड्यांवर टेकून हळूहळू खाली गेले. सासूबाईंनी माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी पिचली. ते बसले. उकिडवे, टाचा जमिनीला टेकवून, अगदी नीट. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही.

त्यांनी हात कापसात घातला. पण मनगटापर्यंतच. पुढे वाकायचा त्यांना धीर झाला नाही, मला ते लांबून दिसलं. थोडं थांबून ते म्हणाले, "कोरडा."

अंगणातल्या सगळ्या माना पाटलाकडे वळल्या. पाटलाच्या कापसाला आजवर कोणी कोरडा म्हटलेलं नव्हतं. शेठने मान डोलावली. पाटलाचा चेहरा मात्र पडला, घरचं माणूस गेल्यासारखा. आणि मामाजी उठेनात. कापसाचा एक पुंजका हातात घेऊन ते उगीच धागा ओढत बसले. उठता येत नाही हे आम्हाला घरच्यांना कळलं, आणि यजमान पुढे सरकले. पण त्यांच्या आधी पाटील पोचला.

"उठ ना," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला. "अंडे घालून राह्यला काय अथी?" आणि हात पुढे केला.

मामाजींनी तो हात धरला. पाटलाने जोर लावला आणि ते उभे राहिले. पण हात सोडेनात. त्यांचा अंगठा पाटलाच्या तळव्यावर फिरत होता.

"तुया हात ओला हाय," ते म्हणाले.

"बैलाइले पानी पाजलं ना फाटकापाशी."

"बैलाइले पाजलं का कापसाले पाजलं?"

पाटील आभाळाकडे बघू लागला. मामाजींनी त्याचा हात सोडला आणि कोणी काही म्हणायच्या आत पुन्हा खाली बसले. या वेळी मांड्यांना हात न लावता. पुढे वाकले. गुडघा वाकत गेला, आणखी वाकला, आणि हात कोपरापर्यंत, कोपराच्याही वर, थेट ढिगाच्या तळाशी गेला. त्यांनी डोळे मिटले. मग मूठभर कापूस बाहेर काढून शेठसमोर धरला आणि पिळला. थेंब जमिनीवर पडले.

"ओला," मामाजी म्हणाले.

सगळं अंगण हसायला लागलं. शेठने हसत हसत भाव कापला. पाटलाला तर हसू आवरेना. कापसाचा भाव गेलेला माणूस इतका खूश मी पुन्हा कधी पाहिला नाही. तो फेटा सावरत ढिगापाशी आला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "बसला तं खरा. आता तुले कोन उठवन?"

मामाजींनी वर पाहिलंही नाही. कापसाने भिजलेला हात तेवढा वर केला.

"तूच," ते म्हणाले.